शेजारी अपार्टमेंट येतंय, झोन बदलाची सुनावणी आहे: काय पाहावं, काय मांडावं

प्रश्न थोडक्यात असा. बैठ्या घरांच्या वस्तीला लागून असलेल्या मोकळ्या जमिनीवर सहा मजली, सुमारे शंभर घरांच्या अपार्टमेंटचा प्रस्ताव आला आहे. जमीन सध्या कमी घनतेच्या निवासी झोनमध्ये आहे (झोन म्हणजे त्या जमिनीवर काय आणि किती बांधता येईल हे ठरवणारा विभाग) आणि विकासकाने झोन बदलून मागितला आहे. स्थानिक संस्थेची जनसुनावणी तोंडावर आहे. सभागृह हे नाकारू शकतं का, कशाच्या आधारे, आणि रहिवाशांनी तिथं नेमकं काय मांडावं?

नगररचनेच्या कामात प्रस्तावांची छाननी करणाऱ्यांच्या बाजूला मी बराच काळ घालवला आहे. लोक तळमळीने सुनावणीला येतात, पण बहुतेकांचं बोलणं त्या दिवशीच्या निर्णयाला लागूच पडत नाही, हे पाहून मला वाईट वाटत आलं आहे. म्हणून बाकी काही करण्याआधी एक गोष्ट शोधून काढा: सभागृहाकडे नेमकी मागणी कसली आहे? त्यावर बाकीचं सगळं ठरतं.

पहिली मागणी साध्या परवानगीची. झोन जे बांधू देतो तेच विकासक बांधत असेल, म्हणजे उंची, सामासिक अंतरं (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), चटई क्षेत्र (सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम) सगळं नियमात असेल, तर अधिकाऱ्यांचं काम मापं तपासण्यापुरतं उरतं. मापं बसली की परवानगी द्यावी लागते. विरोधाच्या कितीही सह्या आल्या तरी त्याने फरक पडत नाही, आणि माझ्या मते पडूही नये, कारण नियम सगळ्यांना आधीपासून माहीत होते. कॅलिफोर्नियाने 1982 च्या गृहनिर्माणविषयक कायद्यात हे पक्कं केलं आहे. नियमांत बसणारा गृहप्रकल्प नाकारायचा असेल, तर आरोग्याला किंवा सुरक्षिततेला ठोस धोका आहे हे तिथल्या शहराला पुराव्यानिशी लेखी दाखवावं लागतं. 2019 मध्ये त्यांनी आणखी पुढे जाऊन अशा प्रकल्पाच्या सुनावण्यांवर कमाल पाचची मर्यादा घातली, कारण तारखांवर तारखा देऊन प्रकल्प मारणं हीच पद्धत होऊन बसली होती.

दुसरी मागणी असते सवलतीची. भूखंड तिरपा आहे, उताराचा आहे, मधून नाला गेला आहे, त्यामुळे एखादा नियम तंतोतंत पाळणं अशक्य होतं, तेव्हा तेवढ्यापुरती सूट मागितली जाते. इथं अडचण जमिनीची असावी लागते. ‘नियम पाळला तर नफा कमी होतो’ हे कारण चालत नाही. असा निर्णय न्यायनिवाड्यासारखा पुराव्यावर द्यायचा असतो, म्हणून अनेक ठिकाणी सदस्यांनी कोणत्याही बाजूशी खासगीत बोलणं गैर मानलं जातं. नगरसेवकाला घरी गाठून पटवायला जाण्याआधी हे लक्षात असू द्या.

तिसरी मागणी झोन बदलाची, म्हणजे तुमच्यासमोरची. हा धोरणाचा निर्णय आहे आणि इथं लोकप्रतिनिधींना सगळ्यात जास्त मोकळीक असते. ते नाही म्हणू शकतात. मात्र शहराच्या मंजूर विकास आराखड्याशी हा बदल जुळतो का, हे त्यांना पाहावंच लागतं, आणि शेवटचा शब्द त्यांचाच असेल असंही नाही. महाराष्ट्रात 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली विकास आराखड्यात फेरबदल करायचा, तर स्थानिक संस्था हरकती मागवते आणि ऐकते, पण मंजुरी राज्य शासन देतं. जपानमध्ये झोनचे प्रकार राष्ट्रीय कायद्याने ठरलेले आहेत, 2018 पासून एकूण तेरा. कोणता झोन कुठे लावायचा एवढंच तिथं खालच्या पातळीवर ठरतं. इंग्लंडमध्ये 1947 च्या कायद्यापासून बहुतेक बांधकामाला झोनने आपोआप हक्क मिळतच नाही. प्रत्येक अर्ज स्थानिक आराखड्याच्या कसोटीवर स्वतंत्रपणे तपासला जातो. तुमची संस्था कोणत्या पद्धतीने चालते हे नोटिशीवर छापलेल्या कायद्याच्या कलमावरून कळतं. कोणाकडूनही ऐकण्यापेक्षा ते कलम स्वतः वाचा.

आता झोन बदलाच्या सुनावणीत सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारा मुद्दा. सभागृहात पडद्यावर सहा मजल्यांची, झाडांनी वेढलेली सुंदर इमारत दिसते आणि सगळी चर्चा त्या चित्रावर होते. मंजूर मात्र झोन होतो. झोन जमिनीला लागतो. उद्या विकासकाने जमीन विकली, बँकेने कर्ज नाकारलं, बाजार पडला, तर ते चित्र रद्दीत जाईल आणि नवा मालक त्या झोनमध्ये जे जे बसतं ते बांधायला मोकळा असेल. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: मागितलेल्या झोनमध्ये या भूखंडावर जास्तीत जास्त किती बांधता येईल? किती मजले, किती घरं, निवासाखेरीज कोणकोणते वापर? उत्तर सहा मजल्यांपेक्षा बरंच मोठं निघालं, तर अटींची गरज तिथंच सिद्ध होते. मंजुरी विशिष्ट मांडणी नकाशाला बांधून घेता येते. ठरावीक मुदतीत काम सुरू झालं नाही तर झोन पूर्वीसारखा होईल, अशी तरतूदही काही कायद्यांत करता येते. तुमच्याकडे ती करता येते का, हे छाननी अधिकाऱ्याला लेखी विचारा.

दुसरा प्रश्न: हाच भूखंड का? आजूबाजूच्या सगळ्या जमिनी एका नियमाखाली आणि मधल्याच एका तुकड्याला वेगळी वागणूक, हे न्यायालयांना खटकतं. पण उलट बाजूही प्रामाणिकपणे पाहा. हा भूखंड मोठ्या रस्त्यावर असेल, बस किंवा रेल्वे चालत जाण्याइतकी जवळ असेल, आणि ‘या पट्ट्यात वाढ व्हावी’ असं विकास आराखडा आधीपासून म्हणत असेल, तर झोन बदल म्हणजे आराखड्याची अंमलबजावणीच ठरते. मग ‘हे इथं नकोच’ ही भूमिका टिकायची नाही. आपली ताकद तिच्यावर घालवू नका, इमारत कशी असावी याकडे वळवा.

फाइल मागवून घ्या. तुमचा हक्क आहे तो. त्यात रंगीत चित्रं बाजूला ठेवून तीन कागद वाचा: मांडणी नकाशा, वाहतूक अहवाल आणि अधिकाऱ्यांचा छाननी अहवाल. छाननी अहवालात ‘समाधानकारक’ असा शेरा असलेल्या ओळींपेक्षा ‘अटींच्या अधीन’ असं लिहिलेल्या ओळी जास्त बोलतात. तिथंच अधिकाऱ्याला शंका होती.

वाहतुकीबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण सुनावणीत निम्मं बोलणं याच विषयावर होतं आणि त्यातलं बरंचसं वाया जातं. ‘शंभर घरं म्हणजे दोनशे गाड्या, सगळ्या सकाळी नऊला रस्त्यावर’ हे गणित चुकीचं आहे. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या प्रमाणित मोजण्यांनुसार मध्यम उंचीच्या अपार्टमेंटमधल्या एका घरामागे दिवसाला साधारण साडेचार वाहनफेऱ्या होतात, स्वतंत्र बंगल्यामागे नऊपेक्षा थोड्या जास्त. म्हणजे शंभर घरांच्या दिवसाच्या साडेचारशे फेऱ्या, आणि संध्याकाळच्या गर्दीच्या एका तासात सुमारे 40. त्याच जमिनीवर आजच्या झोनप्रमाणे पन्नास बंगले बसत असतील, तर त्यांच्याही फेऱ्या तेवढ्याच होतील. जिथं मोटारी कमी आहेत तिथं आकडे याहून खाली येतात. तेव्हा एकूण गाड्यांवर लढणं सोडा. अहवाल जिथं खरोखर कच्चा असू शकतो तिथं बोट ठेवा. मोजणी कोणत्या दिवशी झाली? शाळा सुरू होत्या की सुट्टी होती? जवळ आधीच मंजूर झालेले, अजून न बांधलेले प्रकल्प हिशेबात धरले आहेत का? तुम्हाला रोज अडकवणारा चौक अभ्यासाच्या हद्दीत आहे की हद्द त्याच्या अलीकडेच संपवली आहे? आणि फाटक कुठे आहे? माझ्या अनुभवात खरी अडचण बहुतेक वेळा फाटकाशी असते. वळणाच्या तोंडाशी फाटक, कुंपणामुळे येणारी गाडी दिसत नाही, बाहेर पडणाऱ्याला समोरची रांग ओलांडून वळावं लागतं, आणि त्याच पदपथावरून मुलं शाळेत जातात. फाटक वीस मीटर सरकवून किंवा बाजूच्या रस्त्यावर नेऊन हा प्रश्न सुटतो. नेमकी मागणी केली तर ती बहुधा मान्यही होते.

पार्किंगबाबत माझं मत अनेक रहिवाशांना आवडत नाही, तरी सांगतो: जास्त पार्किंगची मागणी करू नका. गाडी उभी करायची जागा आणि तिथवर जायची वाट धरून एका मोटारीला साधारण 30 चौरस मीटर लागतात, म्हणजे एका लहान घराची जागा. हा खर्च घराच्या किमतीत चढतो, गाडी नसलेल्या कुटुंबालाही तो भरावा लागतो, आणि जागा मिळाली की गाड्याही वाढतात. अमेरिकेतल्या बफेलो शहराने 2017 मध्ये किमान पार्किंगची सक्ती शहरभरातून काढली आणि त्यानंतर अनेक शहरं त्या वाटेने गेली. तुमच्या गल्लीत परक्या गाड्या उभ्या राहतील ही भीती खरी असेल, तर उपाय गल्लीतल्या पार्किंगच्या नियमनात आहे. तो नगरपालिकेकडे मागा.

पाणी आणि सांडपाणी यांवर लोक फार कमी बोलतात, आणि इथंच प्रस्ताव खरोखर अडखळू शकतो. पाणीपुरवठा विभागाचं ‘सेवा देता येईल’ असं पत्र फाइलमध्ये असतं. ते पत्र आणि आज नळात व वाहिनीत असलेली क्षमता या वेगळ्या गोष्टी आहेत. विचारा, की मलवाहिनीची क्षमता कोरड्या दिवसांत तपासली की भर पावसात? जुन्या वाहिन्यांत पावसाचं पाणी शिरतं आणि तुंबायची वेळ तीच असते. क्षमता अपुरी असेल तर वाहिनी कोण वाढवणार, कोणाच्या पैशाने, आणि लोक राहायला येण्याआधी की नंतर? पावसाच्या पाण्याचंही तसंच. मोकळ्या मातीवर फरसबंदी झाली की पाणी जोराने वाहतं. बांधकामानंतरचा कमाल प्रवाह आधीपेक्षा जास्त नसावा ही रूढ कसोटी आहे. पण ती किती मोठ्या पावसाला लावली, दहा वर्षांत एकदा येणाऱ्या की शंभर वर्षांत एकदा, आणि साठवण टाकी भरून वाहिली तर पाणी कोणाच्या अंगणात जाणार, हे नकाशावर दाखवायला सांगा. वस्तीत पूर्वी पाणी साचल्याचे तारीख घातलेले फोटो असतील तर ते इथं सोन्यासारखे आहेत.

सावलीचा मुद्दा भावनेने मांडला तर विरून जातो, मोजून मांडला तर टिकतो. ब्रिटनमधल्या रूढ मार्गदर्शक निकषानुसार 21 मार्चला बागेच्या किंवा अंगणाच्या किमान निम्म्या भागाला दोन तास ऊन मिळायला हवं. विकासकाकडून अशा ठरलेल्या तारखेची, तासातासाची सावलीची आकृती मागा. वरचे मजले मागे घेतले की सावली आखडते. ही कल्पना जुनी आहे. 1915 मध्ये न्यूयॉर्कमध्ये इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली, रस्त्याच्या कडेपासून सरळ वर गेलेली, आणि तिच्या अजस्र सावलीने झालेला गदारोळ शहराच्या 1916 च्या झोनिंग नियमांमागचं एक मोठं कारण ठरला. उंच जाताना टप्प्याटप्प्याने मागे सरकायचं, हा नियम तिथं तेव्हा आला. तुमच्याकडच्या बाजूने वरचे दोन मजले मागे घ्या आणि खिडक्या थेट समोरच्या शयनगृहात डोकावणार नाहीत अशा ठेवा, या मागण्या रास्त आहेत.

आगीची सुरक्षा बहुतेक ठिकाणी पुढच्या, बांधकाम परवानगीच्या टप्प्यात तपासली जाते. पण अग्निशमन गाडीला आत येऊन वळायला जागा आहे का, हे मांडणी नकाशावरच ठरतं, आणि तो एकदा मंजूर झाला की बदलणं महाग पडतं. 2017 मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत 72 माणसं गेल्यानंतर इंग्लंडने 18 मीटर किंवा सात मजल्यांपासून पुढच्या निवासी इमारतींसाठी अग्निसुरक्षेचं निवेदन नियोजन अर्जासोबतच सक्तीचं केलं, ते 2021 पासून. तुमची इमारत त्या उंचीच्या खाली असली तरी हा प्रश्न सुनावणीत विचारायला काहीच हरकत नाही. तिथं राहणारी माणसं तुमचे शेजारी असणार आहेत.

आता जे मांडू नये त्याबद्दल. आमच्या घरांची किंमत पडेल, आमच्या खिडकीतलं दृश्य जाईल, हे मुद्दे इंग्लंडच्या पद्धतीत विचारातच घेतले जात नाहीत, आणि इतरत्रही त्यांचं वजन फारसं नसतं. त्याहून गंभीर आहे ते ‘इथं भाडेकरू येतील’, ‘तसली माणसं येतील’ हे बोलणं. त्याला मोठा आणि दुःखद इतिहास आहे. अमेरिकेत 1917 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वंशानुसार वस्त्या वेगळ्या करणारा लुईव्हिल शहराचा नियम रद्द केला. नऊ वर्षांनी, 1926 मध्ये, ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने झोनिंग वैध ठरवलं आणि त्या निकालात बंगल्यांच्या वस्तीतल्या अपार्टमेंटला थेट ‘परजीवी’ म्हटलं. जमिनीचा किमान आकार वाढवायचा, एका भूखंडावर एकच घर ठेवायचं, आणि ज्यांना तेवढं परवडत नाही त्यांना दूर ठेवायचं, ही वाट पुढे दशकानुदशकं चालू राहिली. आज तीच शहरं घरांच्या टंचाईने हैराण होऊन मागे फिरत आहेत. मिनियापोलिसच्या परिषदेने 2018 मध्ये फक्त एका कुटुंबाच्या घरांसाठी राखलेले झोन संपवणारा आराखडा मंजूर केला. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने 2016 मध्ये निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर जास्त घरं बांधायला मोकळीक दिली आणि तिथं घरबांधणीच्या परवानग्या भराभर वाढल्या.

मला इथं मनापासून काहीतरी सांगायचं आहे. सुनावणीच्या खोलीत ज्यांचं सगळ्यात जास्त हित गुंतलेलं असतं ते कधीच हजर नसतात. त्या शंभर घरांत राहायला येणारी कुटुंबं आज कुठंतरी दूर, भाड्याच्या खोलीत असतात. अशी सुनावणी चालू आहे हेही त्यांना माहीत नसतं. बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या 97 शहरां-गावांच्या नियोजन मंडळांची इतिवृत्तं तपासली, तेव्हा बोलणाऱ्यांमध्ये वयस्कर, पुरुष आणि घरमालक यांचं प्रमाण मतदारांतल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा जास्त निघालं. घरबांधणीला पाठिंबा देणारे जेमतेम 15 टक्के होते. म्हणून सभागृहात ‘आख्खी वस्ती विरोधात आहे’ असं म्हणताना एकदा थांबा. तुमच्याच वस्तीतल्या तरुण मुलामुलींना लग्नानंतर इथं घर घेणं परवडेल का, हा प्रश्न त्याच चर्चेचा भाग आहे.

अटी कशा मागायच्या, यावर तुमचं यश अवलंबून आहे. ‘पुरेशी झाडं लावावीत’ या अटीचा उपयोग नाही. ती पाळली की मोडली हे कोण ठरवणार? ‘उत्तर हद्दीवर दर सहा मीटरला एक झाड, लावताना किमान तीन मीटर उंच, तीन वर्षांत मेलं तर बदलून’ ही अट तपासता येते. अट प्रकल्पामुळे होणाऱ्या परिणामाशी जोडलेली आणि त्याच्या प्रमाणात असायला हवी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे 1987 च्या नोलान आणि 1994 च्या डोलान खटल्यांत स्पष्ट केलं. डोलान प्रकरणात दुकान वाढवायच्या परवानगीच्या बदल्यात शहराने मालकिणीकडे पूररेषेतली जमीन आणि सायकलमार्गासाठी पट्टा मागितला होता. मागणी आणि दुकानामुळे होणारा परिणाम यांचं प्रमाण शहराने दाखवलं नव्हतं, म्हणून ती टिकली नाही. 2024 च्या शीट्झ खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं, की रहदारी शुल्कासारखी आकारणी कायदा करून ठरवली आहे एवढ्यावरून तिला या कसोटीतून सूट मिळत नाही. तुमच्याकडचा कायदा वेगळा असेल, पण तर्क सगळीकडे चालतो: वस्तीचं जुनं रखडलेलं समाजमंदिर विकासकाकडून बांधून मागितलं, तर तुमच्या खऱ्या मागण्यांचंही वजन उतरतं.

प्रत्यक्ष बोलताना दहा जणांनी तेच सांगण्यापेक्षा विषय वाटून घ्या: एकाने फाटक, एकीने पाणी, एकाने सावली. म्हणणं आधी लेखी द्या आणि पोच घ्या, कारण पुढे अपील झालं तर तिथं बहुधा नोंदीत असलेलंच पाहिलं जातं. तुम्हाला प्रस्ताव कोणत्या बदलांसह चालेल हेही सांगा. सदस्यांना नकार आणि मंजुरी यांच्या मधली वाट हवी असते, आणि ती दाखवणाऱ्याचं ते कान देऊन ऐकतात.

निर्णय झाला की कारणांसह लेखी प्रत मागा. अपिलाची मुदत अनेकदा काही आठवड्यांचीच असते आणि ती निर्णयाच्या किंवा प्रसिद्धीच्या तारखेपासून मोजली जाते, तुम्हाला कळल्यापासून नव्हे. मंजुरी मिळाली असेल तर अटींची यादी घेऊन प्रत्येकीपुढे तिची वेळ लिहा: खोदकामाआधी, जोत्यापर्यंत, राहायला येण्याआधी. शेवटच्या गटातल्या अटी सगळ्यात जास्त राहून जातात, कारण तोवर घरं विकली गेलेली असतात आणि घेणाऱ्यांना ताबा हवा असतो. मलवाहिनीचं रुंदीकरण, फाटकाशेजारचा पदपथ, हद्दीवरची झाडं या त्या अटी. भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज दाखल झाला, की त्याच आठवड्यात कार्यालयात जाऊन ती फाइल पाहायला मागा, आणि अपुऱ्या राहिलेल्या अटी प्रमाणपत्र निघण्याआधी लेखी कळवा.